डोंगर नाही, पाणी नाही, तरी निसर्ग दिसतो: गायतोंडे यांच्या चित्रांत उजेड येतो कुठून?

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या १९६० नंतरच्या एखाद्या कॅनव्हाससमोर पाच मिनिटं उभं राहिलं की बहुतेकांना काहीतरी ओळखीचं दिसायला लागतं. कुणाला पहाटेची खाडी, कुणाला धुक्यातला घाट, कुणाला पाण्याखालचा तळ. प्रत्यक्षात तिथे ना डोंगर रंगवलेला असतो ना पाणी. नावाचीही मदत नसते, कारण बहुतेक चित्रं शीर्षकाविनाच आहेत. गायतोंडे स्वतः आपल्या कामाला अमूर्त म्हणायलासुद्धा राजी नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेलं म्हणत. निसर्गचित्र म्हणणं तर लांबच राहिलं.

मग जे दिसतं ते येतं कुठून? आणि रंग साधेच असताना कॅनव्हास आतून उजळल्यासारखा का वाटतो? पहिल्याचं उत्तर आपल्या डोळ्यांच्या सवयीत आहे, दुसऱ्याचं रंगाच्या थरांत. या चित्रांबद्दल लिहिताना आपल्याकडे पहिल्याच परिच्छेदात ध्यान, मौन, शून्य वगैरे येतं आणि तेल, अस्तर, रोलर यांचं नावही निघत नाही. इथे आधी डोळ्याबद्दल आणि मग तेल-रंगाबद्दलच बोलू.

डोळा निसर्ग का शोधतो

कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढा. कुणालाही विचारा, ‘क्षितिज’ म्हणेल. उभी रेघ ओढली तर क्वचितच कुणी निसर्गाचं नाव घेईल. जमीन आणि आकाश यांची विभागणी आपण जन्मभर पाहत आलेलो असतो, त्यामुळे आडवा पट्टा दिसला की डोळा आधी तीच विभागणी गृहीत धरतो. वरचा भाग फिका आणि खालचा गडद असला की खात्रीच पटते.

दुसरी खूण कडांची. जवळच्या वस्तूची कड धारदार दिसते, लांबच्या वस्तूची पुसट. हवेतले बाष्प आणि धूळ उजेड विखुरतात, त्यामुळे लांबचे डोंगर फिके, निळसर आणि कडांना विरघळलेले दिसतात. कॅनव्हासवर एक आकार धारदार आणि त्याच्या शेजारचा पुसट ठेवला, की दोघांमध्ये मैलभर हवा आहे असं डोळा परस्पर ठरवून टाकतो.

तिसरी खूण म्हणजे मापाचा अभाव. माणूस, झाड, घर यातलं काहीच नसल्यामुळे समोरचा डाग बोटाएवढ्या शेवाळाचा की तालुक्याएवढ्या पठाराचा, हे ठरवायला आधारच उरत नाही. म्हणून एकच चित्र एकाला भिंतीवरची ओल वाटतं आणि दुसऱ्याला विमानातून दिसणारा किनारा.

गायतोंडे यांच्या साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या चित्रांत या आडव्या पट्ट्या उघड आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेलं १९६२ चं ‘पेंटिंग, ४’ याच काळातलं. पुढे १९६८ च्या सुमारास त्यांनी कॅनव्हास उभा करून टाकला. पाच ते पावणेसहा फूट उंची आणि साडेतीन फुटांच्या आसपास रुंदी, अशी अनेक चित्रं सत्तरच्या दशकात झाली. उभ्या चौकटीत क्षितिज ताणून धरायला जागा मिळत नाही. त्यामुळे दृश्य समोर पसरत नाही, ते वरून खाली उतरतं किंवा खालून वर तरंगतं. समुद्र दिसणं कमी झालं आणि खोली वाढली ती इथे. एका चित्रकाराने केवळ चौकट फिरवून प्रेक्षकाची सवय मोडल्याचं हे फार चांगलं उदाहरण आहे, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

रंगाकडे उजेड किती असतो?

फारसा नसतो. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी साधारण ९० टक्के परत पाठवतो, काळा ३-४ टक्के. म्हणजे चित्रकाराच्या हातात सगळी मिळून वीस-पंचवीस पटींची पट्टी असते. बाहेर मात्र ऊन पडलेला ढग आणि झाडाखालची सावली यांच्यात शेकडो पटींचा फरक सहज असतो. सूर्य रंगवायचा म्हणून ट्यूबमधला पांढरा कितीही थापला, तरी तो शेजारच्या कागदाइतकाच उजळ राहणार.

म्हणून उजेड दाखवायचा तर शेजारच्या रंगाच्या नात्यातून दाखवावा लागतो. मधल्या करड्या छटेचा तुकडा गडद तपकिरीत ठेवला तर चमकतो, फिक्या पिवळ्यात ठेवला तर मळकट दिसतो. तुकडा तोच. नवशिक्याची इथे हमखास होणारी गडबड म्हणजे उजेड वाढवायला पांढरा घालत राहणं. पांढऱ्याने रंग फिका होतो, त्याचा तजेला जातो आणि चित्र खडूसारखं दिसू लागतं. खरा उपाय बहुधा शेजारचा भाग एक पायरी गडद करणं हा असतो.

आणखी एक युक्ती डोळ्याच्या रचनेतून येते. वस्तू कुठे आहे, किती खोल आहे हे ठरवणारी डोळा-मेंदूची यंत्रणा गडद-फिकेपणावर चालते, रंग तिला जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे दोन वेगळे रंग तंतोतंत सारख्या गडदपणाचे ठेवले की त्यांच्यातली सीमा जागेवर बसत नाही, थरथरते. क्लॉद मोने यांच्या १८७२ च्या प्रसिद्ध सूर्योदयाच्या चित्रातला नारिंगी सूर्य असाच आहे. त्या चित्राची कृष्णधवल प्रत काढली तर सूर्य आकाशात जवळपास नाहीसा होतो. रंगीत चित्रात तो धडधडतो तो याचमुळे. गायतोंडे यांच्या एकाच रंगाच्या छटांत विणलेल्या चित्रांतले आकार ‘तरंगतात’ असं सगळे म्हणतात. त्यामागेही गडदपणातला फरक जाणूनबुजून कमी ठेवणं हे मोठं कारण आहे. स्वतः पाहायचं असेल तर डोळे अर्धे मिटून चित्र बघा, किंवा फोनचा कॅमेरा कृष्णधवलवर टाका. जे आकार गायब होतील, तेच रंगीत चित्रात हलत होते.

थरांचा हिशेब

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगद्रव्याची पूड. ती पूड तेलात पारदर्शक दिसणार की अपारदर्शक, हे दोघांच्या अपवर्तनांकांतल्या, म्हणजे उजेड किती वळवतात त्या मापांतल्या, फरकावर ठरतं. जवसाच्या तेलाचा अंक साधारण १.४८. अल्ट्रामरीन निळ्याचा १.५ च्या आसपास, म्हणजे तेलाच्या अगदी जवळ. म्हणून उजेड त्यातून आरपार जातो आणि रंग काचेसारखा वागतो. टायटॅनियम पांढऱ्याचा अंक २.७ पर्यंत जातो, त्यामुळे उजेड प्रत्येक कणावर आपटून मागे फिरतो आणि रंग झाकणारा होतो. झिंक पांढरा २.० वर, म्हणजे मधला. खडूची पूड कोरडी असताना पांढरीशुभ्र असते आणि तेलात कालवली की मळकट, अर्धपारदर्शक होते, त्याचंही हेच कारण.

आता पांढऱ्या अस्तरावर, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला दिलेल्या लेपावर, पारदर्शक रंगाचा पातळ थर द्या. उजेड थरातून खाली जातो, अस्तरावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून वर येतो. रंग दोनदा गाळला जातो, म्हणून दाट आणि तेजस्वी दिसतो. पण याला मर्यादा आहे. समजा एक थर ७० टक्के उजेड जाऊ देतो. जाऊन-येऊन उरला ४९ टक्के. असे दोन थर झाले की २४, तीन झाले की १२. अस्तर स्वतः शंभर टक्के परत देत नाही, ती वजावट निराळीच. चौथ्या थराला चित्र ‘समृद्ध’ होत नाही, विझतं. चित्रकलेच्या वर्गात सगळ्यांत जास्त दिसणारा मळका तपकिरी चिखल असाच तयार होतो: खाली पांढरं उरलंय की नाही हे न बघता थरावर थर.

उलट क्रम केला तर परिणामही उलटा होतो. गडद थरावर पांढऱ्याचा अगदी पातळ पापुद्रा फिरवला तर तो निळसर, धुरकट दिसतो. विरळ विखुरलेले पांढरे कण निळा उजेड जास्त परत पाठवतात आणि तांबडा खालच्या काळ्यात जिरतो. हेच काळं-पांढरं पॅलेटवर आधी मिसळून लावलं तर इतकी निळी झाक येत नाही. लांबचा सह्याद्री निळा दिसतो त्याचं कारण थोड्याफार फरकाने हेच: मागे गडद डोंगर, पुढे उजळलेल्या हवेचा पडदा. म्हणजे चित्रातलं धुकं हे धुक्याचं चित्र नसतं. कॅनव्हासवर उजेड विखुरण्याची तीच क्रिया खरोखर घडत असते, फक्त काही मायक्रॉन जाडीत. निसर्ग दिसण्याचं हे चौथं आणि माझ्या मते सगळ्यांत पक्कं कारण.

लावणं कमी, काढणं जास्त

गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं, वाढ गिरगावातली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका १९४८ मध्ये. पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री आणि १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीनची बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंद पडले, तेव्हा कागदावर शाईची रेखाटनं झाली. २००१ मध्ये ते गेले. झेन बौद्ध विचाराचा आणि तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींचा उल्लेख प्रत्येक लेखात येतो आणि तो खोटा नाही, पण झेन वाचून कॅनव्हासवरून रंग उचलता येत नाही.

त्यांची मुख्य हत्यारं होती रोलर, पॅलेट नाइफ (रंगाची सुरी) आणि फाडलेला कागद. वर्तमानपत्राचे, मासिकांचे तुकडे फाडून ते रंगावर टेकवायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर रंग निघून येतो आणि खालचा थर उघडा पडतो. कुठे कागदावरचाच रंग कॅनव्हासवर उतरतो. सुरीने खरवडूनही तेच साधतं. या चित्रांतला उजेड वरून लावलेला नसतो, खाली राखलेला असतो आणि मग उघडा केलेला असतो. चित्रलिपीसारखे जे आकार मध्येच उमटलेले दिसतात, त्यांच्या कडांकडे नीट पाहिलं तर कुंचल्याचा माग नाही, फाटलेल्या कागदाचा माग आहे.

कागदाने ओला तैलरंग टिपण्याची युक्ती तशी जुनी. लंडनच्या स्लेड या कलाशाळेतले शिक्षक हेन्री टाँक्स विद्यार्थ्यांना जादा रंग वर्तमानपत्राने टिपून घ्यायला लावत, त्यावरून तिला ‘टाँकिंग’ हे नावच पडलं. तिथे हेतू दुरुस्तीचा होता. गायतोंडे यांनी त्या दुरुस्तीलाच रेखाटनाचं काम दिलं.

करून बघायचं असेल तर

नक्कल करण्यासाठी नव्हे, डोळा तयार व्हावा म्हणून. १२ × १६ इंचांचा सुती कॅनव्हास पुरे. त्यावर अॅक्रिलिक गेसोचे, म्हणजे अस्तराच्या पांढऱ्या लेपाचे, तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात, आणि मधे बारीक पॉलिश पेपर फिरवा. गेसो स्वस्तातला नको. भुसभुशीत अस्तर तेल पिऊन टाकतं, मग रंग जागोजागी मंद, कोरडा दिसतो आणि पारदर्शकतेचा सगळा खेळ बसतो.

रंग चारच घ्या: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एखादा क्विनाक्रिडोन तांबडा आणि टायटॅनियम पांढरा. अलिझरिन क्रिमसन मोहात पाडतो, पण अस्सल अलिझरिन उजेडात उडतो. पातळ थरात तर लवकरच.

पहिला थर सिएनाचा, रंगाइतकंच टर्पेंटाइन घालून, चिंधीने पुसून पातळ केलेला. तो पूर्ण सुकू द्या. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही, म्हणून पंखा लावून फारसं काही साधत नाही. अंबरसारखे मातकट रंग पातळ थरात एक-दोन दिवसांत सुकतात, आयव्हरी ब्लॅक किंवा कॅडमियम आठवडाही घेतात. खात्री करायची तर कापसाच्या बोळ्याला किंचित टर्पेंटाइन लावून कोपऱ्यात फिरवा. बोळ्याला रंग लागला तर थांबा. हे न करता पुढे गेलात तर कागद उचलताना दोन्ही थर एकदम निघून येतील आणि खाली पांढरं भगदाड पडेल. या तंत्रात सगळ्यांत जास्त नुकसान याच घाईने होतं.

दुसरा थर गडद, रोलरने. छपाईचा कडक रबरी रोलर घ्या. फोमचा रोलर हवेचे बुडबुडे सोडतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत उठवतो. रंग आधी काचेवर लाटून रोलरभर सारखा पसरवा. एवढ्या कॅनव्हासवर ५० मायक्रॉनचा थर द्यायला साधारण ६ मिली रंग लागतो, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडा जास्त. २० मिलीची ट्यूब तीन थरांत संपते. जाड थापला तर टेकवलेला कागद चिखलावर घसरल्यासारखा घसरतो आणि आकार फासला जातो.

आता कागद. फाडलेली कड पिसारलेली, मऊ उमटते, कात्रीने कापलेली धारदार. डोळ्याला मघाशी सांगितलेलं ‘जवळ’ आणि ‘लांब’ इथेच ठरतं. वर्तमानपत्राचा कागद तेल पितो आणि रंग सपाट उचलतो. मासिकाचा गुळगुळीत कागद तेल पीत नाही, त्यामुळे उचलताना रंग ओढला जाऊन झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा उमटतात. दोन्ही उपयोगी, पण एकाच जागी मिसळले तर गोंधळ. कागद टेकवा, तळहाताने मधून बाहेर दाबत न्या, एका कोपऱ्यातून सावकाश सोला. रंग ताजा असताना हे करा. अर्धवट चिकट झालेल्या रंगाला कागदाचे तंतू चिकटून बसतात आणि मग ते सुरीनेही सुटत नाहीत. ताज्या छपाईचा कागद शाई सोडतो, तेव्हा जुनी रद्दी बरी.

तिसरा थर पारदर्शक: रंगाच्या दुप्पट माध्यम, माध्यमात जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त असलं पाहिजे हा नियम सोडू नका. कमी तेलाचा थर आधी कडक होतो, तो वर असला आणि खालचा अजून हलत असला की भेगा पडतात. तेल फार झालं तरी त्रास: सुरकुत्या येतात आणि थर पिवळा पडतो. शेवटी, हवंच असेल तर, एखाद्या गडद जागी पांढऱ्याचा कोरडा पापुद्रा. पांढरा म्हणून नुसता झिंक वापरू नका. झिंकचा थर पुढे ठिसूळ होऊन सुटतो.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टोपलीत टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून सुकवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि पूर्ण झालेलं चित्र कपाटाच्या अंधारात कोंडू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडात आणल्यावर बरंचसं निवळतं, पण पावसाळ्यात बंद खोलीत मागून बुरशी धरली तर ती तशी निवळत नाही. दमट हवेत कॅनव्हास सैल पडला तर चौकटीच्या पाचरी लगेच ठोकायची घाई नको. हवा कोरडी झाली की तोच कॅनव्हास जादा ताणला जातो.

समोर उभं राहिल्यावर

मूळ चित्र पाहायचं असेल तर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत, दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. कुठलं चित्र कधी मांडलेलं असेल ते आधी विचारून जावं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, आणि त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या लिलावात १९७९ चं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. तेव्हापासून आकड्यांची चर्चा चित्रांपेक्षा जास्त होते. किमतीने थरांची संख्या कळत नाही, तेव्हा ती बाजूला ठेवलेली बरी.

आधी चित्राच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे दहा-बारा फुटांवर उभे राहा. आडवे पट्टे, गडद-फिके भाग इथूनच कळतात. मग दोन फुटांवर जा आणि बाजूला सरकून तिरपं बघा. तिरप्या उजेडात कुठे रंग उंच आहे, कुठे खरवडला आहे, कुठे कापडाची वीण उघडी आहे हे दिसतं. सगळ्यांत उजळ जागा शोधा आणि तिथे रंग जाड आहे की पातळ ते तपासा. पातळ निघाला तर उजेड खालून येतोय.

डोळ्यांना वेळही द्या. मंद उजेडात डोळ्याची संवेदनशीलता तांबड्याकडून निळ्याकडे सरकते, त्यामुळे संध्याकाळच्या दालनात निळी-हिरवी चित्रं उजळतात आणि तांबडी मागे जातात. फोनवर यातलं जवळजवळ काहीच पोचत नाही. पडदा स्वतः उजेड फेकतो, त्याला थर नसतात, आणि कॅमेरा सरासरी काढून गडद भागातले फरक सपाट करून टाकतो. गायतोंडे यांच्या गडद चित्रांची छापील आणि डिजिटल प्रत पाहून ‘यात आहे काय’ असं वाटलं तर त्यात बघणाऱ्याचा दोष फार थोडा असतो.